पंचगंगा चढायच्या आत: आपत्ती व्यवस्थापन कायदा गावपातळीवर कसा वापरायचा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा, ४३ फुटांवर आली की धोका. हे दोन आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतात. पण ४१ फूट झाले की आपल्या गावात कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागतं, मध्यरात्री तिथली म्हातारी माणसं उचलायला कुणाचा ट्रॅक्टर येणार, त्याच्या डिझेलचं बिल कोण भागवणार आणि ‘आता निघा’ म्हणायचा अधिकार नेमका कुणाचा, या चार प्रश्नांची उत्तरं तोंडी असून भागत नाही. ती मे महिन्यातच कागदावर यावी लागतात.

नव्यानं निवडून आलेले सरपंच-सदस्य, पूरपट्ट्यात पहिल्यांदाच बदलून आलेले तलाठी आणि ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि पुरात सगळ्यांच्या पुढं धावणारी तालमीची पोरं यांनी हे कागद कसे तयार करायचे, ते पुढं क्रमानं दिलं आहे.

अधिकार कुणाचा, जबाबदारी कुणाची

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ हा संसदेचा कायदा आहे, पण त्याचा खरा अंमल राज्यात आणि जिल्ह्यात होतो. राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, राज्य कार्यकारी समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव आणि कलम २५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. लोकनियुक्त बाजूनं जिल्हा परिषदेचे अध्यक्ष तिथं सहअध्यक्ष असतात.

गावाच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं कलम ३४. आपत्ती आली किंवा येऊ घातली की जिल्हा प्राधिकरण रस्त्यावरची वाहतूक रोखू शकतं, धोक्याच्या भागात माणसांचं येणं-जाणं थांबवू शकतं, निवारा-अन्न-पाण्याची सोय करायला लावू शकतं, तात्पुरते पूल उभारू शकतं आणि धोका वाढवणारं बांधकाम पाडू शकतं. कलम ३३ खाली ते जिल्ह्यातल्या कुठल्याही खात्याला किंवा स्थानिक संस्थेला काम करण्याचा आदेश देऊ शकतं. कलम ६५ खाली खासगी वाहन, जागा आणि साहित्य ताब्यात घेऊ शकतं.

यातला एकही अधिकार सरपंचाला थेट मिळत नाही. नव्या सदस्यांचा पहिला गोंधळ इथंच होतो. कलम ४१ ग्रामपंचायतीला अधिकारापेक्षा कर्तव्य जास्त देतं: कर्मचारी प्रशिक्षित ठेवणं, साधनं कायम तयार ठेवणं, आपल्या हद्दीतली बांधकामं ठरलेल्या मानकांप्रमाणे आहेत की नाहीत ते पाहणं आणि जिल्हा-राज्य योजनेप्रमाणे मदतकार्य करणं. म्हणजे सरपंचानं स्वतःच्या शब्दावर कुणाचा ट्रॅक्टर ताब्यात घेतला, तर त्याला कायद्याचा आधार नाही. तोच ट्रॅक्टर अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानं घेतला, तर मालकाला भाडं मागण्याचा हक्क मिळतो.

म्हणून पहिली पायरी ही: मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तहसील कार्यालयात जाऊन आपल्या गावासाठी जिल्हा प्राधिकरणानं कुणाला अधिकृत केलं आहे, त्या आदेशाची प्रत घ्यायची. बहुतेक वेळा प्रांतसाहेब किंवा तहसीलदार असतात, पण पूरकाळात गावांच्या गटागटाला संपर्क अधिकारीही नेमतात. प्रतीवर नाव नको, पदनाम आणि कार्यालयाचा क्रमांक पाहा. माणूस बदलून जातो, पद तिथंच राहतं.

शहरातल्या वाचकांसाठी एक फरक. २०२५ च्या दुरुस्तीनं महापालिका असलेल्या शहरांसाठी वेगळ्या नागरी प्राधिकरणाची तरतूद आली. त्याचे अध्यक्ष महापालिका आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. त्यामुळे सुतारवाडा किंवा शाहूपुरीतली कुंभार गल्ली महापालिकेच्या योजनेत येते. पण आंबेवाडी, चिखली, वडणगे ही गावं शहरापासून हाकेच्या अंतरावर असली तरी त्यांचा कारभार ग्रामपंचायतीचा, म्हणून त्यांचा कागद तहसीलमार्फत जिल्ह्याकडं जातो. अर्ज चुकीच्या दारात गेला की आठवडा वाया जातो.

फूट उंबऱ्यात बदलून घ्या

गावाच्या योजनेचा गाभा हा एक तक्ता. बाकी सगळं त्याच्याभोवती येतं. इतर गावाची योजना नाव बदलून जोडण्याचा प्रकार इथंच उघडा पडतो, कारण हा तक्ता कुणाचाही उसना घेता येत नाही.

राजाराम बंधाऱ्याची पातळी ही त्या बंधाऱ्यापुरती. तुमचं गाव वर कुंभी किंवा कासारीच्या काठी असेल, तर तुमच्याकडं पाणी आधी येतं. शिरोळ तालुक्यात असाल तर गणितच वेगळं. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. म्हणून कोल्हापुरात पाणी उतरायला लागलं तरी शिरोळच्या गावांत ते दिवसेंदिवस तसंच उभं राहतं. आपल्याला लागू पडणारी मोजपट्टी कुठली, ते आधी पाटबंधारे खात्याला विचारून नक्की करा.

मग २०१९ आणि २०२१ च्या खुणा शोधा. दोन्ही पुरांत राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती, म्हणजे धोका पातळीपेक्षा १२ फुटांहून जास्त. भिंतींवर गाळाची रेघ, कुणी ऑइलपेंटनं मारलेला पट्टा, मोबाइलमधले फोटो, सगळं चालतं. फोटो सर्वांत कामाचा, कारण त्यावर तारीख आणि वेळ असते. त्या वेळी बंधाऱ्यावर किती फूट होते, ते पाटबंधारे खात्याच्या नोंदीतून मिळतं. अशा किमान तीन जोड्या हव्यात: एक पाणी नुकतं गावात शिरतानाची, एक मधली, एक सर्वोच्च. एकाच खुणेवरून वजाबाकी करून बाकीचे आकडे काढू नका. बंधाऱ्यावर एक फूट चढलं म्हणून गावातही बरोब्बर एक फूट चढत नाही. पात्र जिथं पसरट, तिथं कमी चढतं. पूल किंवा रस्त्याचा भराव आडवा असेल, तिथं जास्त.

उंबऱ्याची उंची मोजायला सर्व्हेअर लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप १५-२० मीटर घ्या, पाणी भरा, एक टोक पुराच्या खुणेला धरा, दुसरं पुढच्या घराच्या भिंतीला. दोन्हीकडं पाणी स्थिर झालं की पेन्सिलनं रेघ मारा आणि रेघेपासून उंबऱ्यापर्यंत टेपनं मोजा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप काही इंचांनी चुकतं आणि ती चूक पुढच्या प्रत्येक घरात वाढत जाते. म्हणून दर दहा घरांनी पुन्हा पहिल्या खुणेवर येऊन ताळा करा. दोन माणसांची एक जोडी दिवसाला एक गल्ली आरामात करते.

आता तक्ता. पहिल्या रकान्यात बंधाऱ्यावरचे फूट, दर अर्ध्या फुटाला एक ओळ. पुढं: कुठली घरं, किती माणसं, त्यात अंथरुणाला खिळलेली किती, गरोदर बाया किती, जनावरं किती आणि कुठला रस्ता बंद होतो.

शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण घराआधी रस्ता बुडतो. ओढ्यावरची फरशी, बंधाऱ्यावरून जाणारी वाट, गावाबाहेरचा खोलगट भाग हे सगळं उंबऱ्याला पाणी लागायच्या कितीतरी आधी जातं. रत्नागिरी रस्ता केर्लीजवळ आणि गगनबावडा रस्ता मांडुकलीजवळ बंद होतो, हे जिल्ह्याला माहीत आहे. २०१९ आणि २०२१ ला तर शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्यात होता. पण तुमच्या गावचा तो एक खोलगट भाग फक्त तुम्हालाच माहीत असतो. निघायची वेळ त्यावरून ठरते.

एक हिशेब करून दाखवतो. समजा रस्ता ४२ फुटांवर बंद होतो. खालच्या गल्लीत १६० जनावरं आहेत. एका ट्रॉलीत सहा म्हशी बसतात, ट्रॉल्या तीन, आणि माळावर नेऊन परत यायला एक तास. म्हणजे तासाला १८ जनावरं, १६० ला नऊ तास. पाणी ताशी दोन इंच चढत असेल तर नऊ तासांत १८ इंच, म्हणजे दीड फूट. याचा अर्थ पहिली म्हैस ४०.५ फुटांवर ट्रॉलीत चढली पाहिजे, तीही रात्र मध्ये येणार नाही असं धरून. धोका पातळी ४३ आहे म्हणून वाट बघत बसलात, तर सगळीच जनावरं गोठ्यात राहतील, कारण रस्ता त्याआधीच ४२ ला बंद झालेला असतो. माणसांचंही तसंच करा. फक्त माणसांसाठी आणखी एक फूट आधी निघायचं धरा, कारण कुणी ना कुणी परत फिरतंच.

खुणा रंगवायच्या असतील तर चावडीच्या भिंतीवर किंवा देवळाच्या पायरीवर रंगवा. विजेच्या खांबावर नको. पुरात तो आकडा बघायला माणसं पाण्यातून खांबाजवळ जातात आणि तिथंच शॉक बसतो.

धरणाचा इशारा कसा वाचायचा

राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. ‘दरवाजे सोडणार’ असा निर्णय तिथं कुणी घेत नाही, त्यामुळे बातमी येते ती दरवाजा उघडल्यावरच. एका दरवाजातून सुमारे १,४२८ क्युसेक पाणी पडतं, म्हणजे सेकंदाला ४० हजार लिटरच्या आसपास. म्हणून ‘किती दरवाजे उघडले’ एवढं विचारून थांबू नका. सोबत तीन गोष्टी विचारा: कासारी, कुंभी, तुळशी या धरणांतून किती सुटतंय, धरणाखालच्या भागात पाऊस पडतोय का, आणि बंधाऱ्यावर गेल्या तीन तासांत किती इंच चढलं. पुराचं बरंचसं पाणी धरणाखालच्या मोकळ्या रानातल्या पावसाचं असतं. त्याला कुठलाच दरवाजा नाही.

माहिती १०७७ या जिल्हा नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावरून घ्या आणि ती गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकताना वेळ लिहा. वेळ नसलेला संदेश दुसऱ्या दिवशीही फिरत राहतो आणि घबराट होते. ‘धरण फुटलं’ सारखी खोटी आवई उठवून घबराट पसरवली तर कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे, हे गटाच्या माहितीतच लिहून ठेवा. विजांसाठी ‘दामिनी’ आणि एकूण इशाऱ्यांसाठी ‘सचेत’ ही अ‍ॅप प्रत्येक सदस्याच्या फोनवर असावीत.

साधनांची यादी आणि ताब्यात घेण्याचा आदेश

१ मेच्या ग्रामसभेत योजना आणि साधनांची यादी वाचून ठराव करा. यादीत ट्रॅक्टर-ट्रॉली, जेसीबी, जनरेटर, पाण्याचे टँकर, होडी, पोहणारी माणसं, मंगल कार्यालय, शाळा, दूध संस्थेची इमारत. प्रत्येकापुढं मालक, फोन, वाहन क्रमांक आणि ‘ड्रायव्हर कोण’ हे लिहा. मालक पुण्यात आणि किल्ली त्याच्या खिशात, असा ट्रॅक्टर यादीत असून उपयोग नसतो.

पाणी चढल्यावर तहसीलदारांकडून कलम ६५ चा आदेश घ्या. त्यात मालकाचं नाव, वाहन क्रमांक, कशासाठी, कुठं हजर व्हायचं, कुठल्या तारखेच्या किती वाजल्यापासून आणि अधिकाऱ्याची सही-शिक्का हवा. नेटवर्क नसेल तर संदेशावर आलेला आदेश चालवून घ्या, पण मूळ प्रत फार तर दोन दिवसांत मागून घ्या. कलम ६६ प्रमाणे त्या भागातल्या चालू दरानं भाडं मिळतं. रक्कम कमी वाटली तर मालकानं ३० दिवसांच्या आत लवादाकडं पाठवण्याचा अर्ज करायचा असतो. ही मुदत कुणी सांगत नाही आणि ती निघून जाते.

गाडीत एक वही बांधून ठेवा: निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, किती माणसं किंवा जनावरं, डिझेल किती, कुणाची सही. बिलं अडतात ती पैसा नाही म्हणून नव्हे, ही वही नाही म्हणून.

खरेदीचंही तसंच. कलम ५० खाली निविदेशिवाय तातडीची खरेदी करता येते आणि अधिकृत अधिकाऱ्याचा वापर-दाखला हिशेबासाठी ग्राह्य धरला जातो. पण ही परवानगी जिल्हा प्राधिकरण देतं. ग्रामपंचायतीनं स्वतःच कलम ५० लिहून खरेदी केली तर लेखापरीक्षणात ती रक्कम थेट वसुलीला निघू शकते.

‘निघा’ म्हणायची वेळ

कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाळ्याआधी निघाले आहेत का, ते जूनच्या पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन बघा. त्यानंतर स्थलांतराचा आदेश आला की तो वाचून दाखवा, भोंग्यावरून सांगा आणि तक्त्यातल्या प्रत्येक घरी एक माणूस पाठवून सही घ्या. एखाद्यानं आदेश मोडला किंवा काम अडवलं तर कलम ५१ खाली एक वर्षापर्यंत, आणि त्यामुळे जीव गेला किंवा जिवाला धोका झाला तर दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. नदीकाठी गर्दीला बंदी घालणारा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो, तोही चावडीवर लावा.

पण दारात उभं राहून कलम सांगितलं की माणूस घट्ट होतो. लोक निघत नाहीत त्याची कारणं ठरलेली: म्हशी, चोरीची भीती आणि ‘गेल्या खेपेला इथवर आलं नव्हतं’. तिन्हींना उत्तर तयार ठेवा. म्हशी आधी हलवा, घरधनी मागोमाग येतो. रिकाम्या गल्लीत पोलीस पाटील आणि तालमीच्या चार पोरांची पाळी लावा, जोवर पाणी गल्लीबाहेर आहे तोवरच. आणि तिसऱ्याला तुमचा तक्ता दाखवा, त्यात त्याच्याच उंबऱ्याचा आकडा असतो.

माळावर दर म्हशीमागं दिवसाला पाच-सहा किलो कोरडी वैरण धरा आणि सकाळ-संध्याकाळच्या दुधाचं काय करायचं ते दूध संस्थेशी आधी बोलून ठेवा. रस्ता बंद झाला की संकलनाची गाडी येत नाही आणि दूध म्हणजे घराच्या रोजच्या खर्चाचा पैसा असतो. जनावर हलवणं जमलंच नाही, तर दावं सोडा आणि गोठ्याचं दार उघडं ठेवा. बांधलेलं जनावर जागेवर बुडतं, सुटलेलं बऱ्याचदा उंचावर जातं.

गुळाच्या काहिलीतून माणसं नेऊ नका. शांत पाण्यात ती तरंगते, प्रवाहात गरगरून उलटते. वाहतं पाणी दोन फूट असलं तरी गाडी ढकलून नेतं, म्हणून भरलेल्या ट्रॉलीच्या वजनावर भरवसा ठेवून ओढा ओलांडू नका. होडीवर किती माणसं ते ऑइलपेंटनं लिहून ठेवा, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि उभं कुणी राहायचं नाही. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ माणसांनी भरलेली बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. होडीच्या तोंडाशी गर्दी आवरणारा एक खंबीर माणूस हवा, आणि तो होडीत बसणारा नसावा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) तुकडी पुण्याहून येते. रस्ते बंद व्हायच्या आत ती मागवावी लागते, म्हणून मागणी तहसीलकडं इशारा पातळीलाच नोंदवा. वायरमनला डीपी (वीजपुरवठ्याची पेटी) कधी बंद करायचा तेही तक्त्यातल्या फुटांवर ठरवून द्या.

निवारा केंद्र: वर्गखोलीत किती माणसं

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची किमान मानकं अशी: माणशी साडेतीन चौरस मीटर झाकलेली जागा, दिवसाला तीन लिटर पिण्याचं पाणी, ३० माणसांमागं एक शौचालय, अंघोळ-शौचासाठी माणशी किमान १५ लिटर, मोठ्यांना दिवसाला २,४०० किलोकॅलरी अन्न, मुलांना १,७००.

सहा बाय सहा मीटरची वर्गखोली म्हणजे ३६ चौरस मीटर. मानकाप्रमाणे तिथं दहा माणसं बसतात. कागदोपत्री मात्र तिथं चाळीस लिहिलेली दिसतात. तुमच्याकडं ३०० माणसं येणार असतील तर अशा ३० खोल्या हव्यात, शौचालयं दहा, पिण्याचं पाणी ९०० लिटर, वापराचं साडेचार हजार लिटर, रोज. हे एका शाळेत होत नाही, म्हणून मे महिन्यातच दुसरी आणि तिसरी जागा ठरवा. मोठ्या पुरात बालिंगा, शिंगणापूरची पाणी उपसा केंद्रं बुडतात, शहराचे नळ बंद होतात आणि जिल्ह्यातले टँकर तिकडं लागतात. गावानं टँकरची आशा धरू नये. उंचावरच्या बोअरला जनरेटर जोडून बघा, तोही भर दिवसा, पावसाआधी.

बायकांची शौचालयं वेगळी आणि उजेडात हवीत. केंद्रात वस्तीनुसार किंवा जातीनुसार खोल्या वाटणं कलम ६१ प्रमाणे बेकायदेशीर आहे, तिथं सरपंचानं ठाम राहावं. आपत्तीत विधवा झालेल्या बाया आणि अनाथ मुलं यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. पुढचे दाखले त्यावरून निघतात.

पाणी उतरल्यावर विहीर

आधी उपसा, मग गाळ काढणं, मग क्लोरिन. विहिरीतलं पाणी लिटरमध्ये काढायचं सूत्र: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ७८५. चार मीटर व्यास, पाच मीटर पाणी म्हणजे ६२,८०० लिटर. ताजी, ३३ टक्के क्लोरिनची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथं सुमारे १६० ग्रॅम. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणून दोन बादल्या. आधी थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, मग बादली पाऊण भरा, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता आणि ती दोरीनं विहिरीत सोडून वर-खाली हलवा. खालचा चुना विहिरीत जाऊ देऊ नका, त्यानं पाण्याचा जडपणा वाढतो.

एक तासानं ओटी चाचणी (पाण्यात द्रावण टाकून रंगावरून क्लोरिन बघायची) घ्या. अर्धा पीपीएम क्लोरिन उरला पाहिजे. पुराचं पाणी गढूळ असतं, ते क्लोरिन खाऊन टाकतं, त्यामुळे बऱ्याचदा दुसरी मात्रा लागते. पोतं दोन महिने उघडं पडलेलं असेल तर कितीही टाका, रंग येत नाही. टीसीएल जूनमध्येच सीलबंद आणून कोरड्या जागी ठेवा.

पंचनामा

बाधित माणसाचं सर्वांत जास्त नुकसान इथं होतं, तेही साध्या चुकांनी. पहिली चूक म्हणजे फोटोआधी घर धुणं. भिंतीवरची पाण्याची रेघ, गाळ, भिजलेलं धान्य, फुगलेलं फर्निचर आधी टिपा, फोटोत दार आणि घर क्रमांक दिसू द्या, मग पाइप लावा.

दुसरी: पाणी किती वेळ होतं ते न लिहिणं. कपडे आणि भांड्यांची मदत घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात होतं, तरच बसते. २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषांत कुटुंबामागं कपड्यांना २,५०० आणि भांड्यांना २,५०० रुपये होते. म्हणून पंचनाम्यात ‘पाणी शिरलं’ एवढं नको. कुठल्या तारखेला किती वाजता शिरलं, कधी उतरलं, हे हवं. तुमची गावाची नोंदवही इथं पुरावा ठरते.

तिसरी चूक जनावरांची. मेलेलं जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला, फोटो आणि कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक घ्या. त्याच निकषांत दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० रुपये होते, आणि बिल्ला नसला की प्रकरण अडतं. बिल्ला मारायचं काम पावसाआधीच उरकून घ्या.

माणसाच्या मृत्यूला वारसांना ४ लाख रुपये होते. त्यात वारस दाखला उशिरा होतो, तो आधी मागा. शेतीला ३३ टक्के किंवा जास्त नुकसान लागतं. तलाठ्यासोबत शेताच्या गटात जाऊन चारही कोपऱ्यांचे फोटो घ्या. नाव सातबारा, आधार आणि बँक पासबुकात एकसारखं आहे का ते बघा. एका अक्षराच्या फरकानं पैसे परत जातात. घर पडल्याची मदत अधिकृत बांधकामालाच मिळते, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ (घरांची कर आकारणी) उताऱ्यावर नोंद नसलेली घरं आत्ताच शोधून ठेवा. रकमा दर वेळी शासन निर्णयानं बदलतात, राज्य कधी जादाही देतं, म्हणून त्या वर्षीचा निर्णय तहसीलमधून मागून चावडीवर लावा.

खोटा दावा केला तर कलम ५२ आणि मदतीचा पैसा किंवा माल हडपला तर कलम ५३, दोन्हीत दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यादी वाचताना हे दोन आकडे मोठ्यानं वाचा.

बाधितांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली की त्याच दिवशी आपलं नाव बघायला सांगा. नाव नसेल किंवा नुकसान कमी दाखवलं असेल तर तोंडी तक्रार ऐकून सोडून देऊ नका. तहसीलदारांच्या नावानं लेखी हरकत दोन प्रतींत लिहून घ्या, सोबत फोटो आणि पाणी शिरल्या-उतरल्याच्या तारखा जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि सहीनिशी पोहोच घ्या.